ओढायचं राहिलेलं मैदान

ऐंशीव्या वाढदिवसाला काय हवं, असं विचारल्यावर मर्व पास्कोने एका शब्दात उत्तर दिलं होतं. माती.

हॉटेल नको, भाषणं नकोत, आणि क्लबमधल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांना गोळा करून गळ्यात गळे घालणं तर मुळीच नको. रीडबेड्सच्या बेसबॉल मैदानात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली माती दोन वर्षांत खाली बसली होती. चेंडू वेडावाकडा उसळायचा. लाल माती मागवा, घरच्या सगळ्यांनी सकाळी सातला फावडी घेऊन या, दुपारी बायकोच्या, बेरिलच्या, हातच्या खिमा भरलेल्या पॅस्टी खाऊ, विषय संपला. म्हणून डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी, अंगाची लाही करणाऱ्या अ‍ॅडलेडच्या उन्हात पास्को कुटुंबाचं मैदानावर श्रमदान निघालं. उत्सवमूर्ती छत्रीखाली खुर्ची टाकून बसला आणि सगळ्यांच्या चुका काढू लागला.

“लिंडन, फावडं आहे ते. फाईल नाही.”

“धरलंय ना डॅड नीट.”

“धरलं नाहीस, टेकलायस त्याला. उपाध्यक्ष झालास म्हणून फावड्याला काही फरक पडत नाही.”

थोरला किम ढकलगाडी थांबवून पोटभर हसला. छप्पन्न वर्षांचा हा गडी आयुष्यभर लोकांचे नळ आणि गटारं दुरुस्त करत आलेला. हसताना त्याचं पोट वेगळं हसायचं. “राहू दे डॅड. तिकडे अमेरिकेत त्याला पेन धरायलासुद्धा माणूस असेल.”

लिंडनही हसला. पण तो हसला ते एक क्षण उशिरा, ऐकू न आलेल्या माणसाने बाकीच्यांचं पाहून हसावं तसं.

तीन वर्षांनी धाकटा असलेला लिंडन म्हणजे या घराचा मोठेपणा. विसाव्या वर्षी तो अमेरिकेला गेला. तिथे तेरा वर्षं शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखत, खेळला, त्यातली नऊ गावोगावच्या बसमध्ये आणि चार वरच्या लीगमध्ये. खेळणं संपल्यावर आपल्याच क्लबसाठी होतकरू पोरं हेरत फिरला, आणि फिरता फिरता त्याच क्लबच्या कचेरीत उपाध्यक्ष म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन बसला. घरात मात्र त्याची एक वेगळीच गोष्ट सांगितली जायची. मर्वचा पन्नास वर्षांपासूनचा नियम होता: जो शेवटी खेळेल त्याने दाताळं घेऊन मैदान ओढायचं, आपल्या पायांचे ठसे आपण पुसायचे, मगच घरी जायचं. चौऱ्याऐंशी साली विमान गाठायच्या सकाळी लिंडनने इथे शेवटचे पन्नास चेंडू अडवले आणि दाताळं तसंच टाकून तो पळाला. मैदान किमने ओढलं. तेव्हापासून दर नाताळच्या फोनवर मर्वचं एकच वाक्य असायचं, “तुझं मैदान ओढायचं राहिलंय.”

“बत्तीस वर्षं झाली,” मर्व आता छत्रीखालून म्हणाला. “व्याज लावलं तर अख्खं अ‍ॅडलेड ओढावं लागेल तुला.”

सत्तावीस तासांचा प्रवास करून लिंडन गुरुवारी आला होता, आणि सगळ्यांची समजूत होती की बापाच्या वाढदिवसाला आला. बाप सत्तर वर्षांचा झाला तेव्हा काही तो आला नव्हता. सोमवारी त्याचा क्लब एक यादी जाहीर करणार होता. क्लबने करार संपवून ज्यांना मोकळं केलं अशा एकोणीस खेळाडूंची ती यादी होती, आणि त्यात सोळाव्या नंबरवर ब्रोडी पास्को हे नाव होतं. किमचा मुलगा. ढकलगाडीमागे उघड्या अंगाने राबणारा तो बावीस वर्षांचा पोरगा.

सत्त्याण्णव साली लिंडनला स्वतःला मोकळं केलं होतं ते फोनवर. एका मोटेलात, कमरेला ओला टॉवेल असताना. तेरा वर्षं चाळीस सेकंदांत आटोपली होती. खुर्चीवर बसल्यावर त्याने पहिला नियम केला तो हा, की माझ्या खात्यातल्या कुठल्याही पोराला ही बातमी फोनवर द्यायची नाही. समोर बसायचं, डोळ्यांत बघायचं, सांगायचं. दोनशे-अडीचशे पोरांना त्याने अशी समोर बसून सांगितली असेल. घरच्या पोरासमोर मात्र त्याची जीभ तीन दिवस टाळ्याला चिकटून बसली होती.

*

किमची बायको लिअ‍ॅन हिला गुरुवारी रात्रीच संशय आला होता. शाळेच्या कचेरीत तेवीस वर्षं काढलेली बाई. खोटं बोलणारा माणूस दारातून आत यायच्या आधी तिला कळतो. मैदानावरच्या क्लबच्या छोट्या स्वयंपाकघरात ती पॅस्टींचा दुसरा घाणा भट्टीत सारत होती, तेव्हा लिंडन पाणी प्यायला म्हणून आला आणि सिंकमधले कप विसळायला लागला.

“ठेव ते खाली,” लिअ‍ॅन म्हणाली.

“दोनच तर आहेत.”

“लिंडन, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तीन दिवसांत चार वेळा भांडी घासलीस. काल माझा बीडाचा तवा घासून पांढरा केलास. वीस वर्षांच्या तेलाची कमाई होती त्या तव्यावर.” तिने भट्टीचं दार लावलं. “काय झालंय? आजारी आहेस?”

“नाही.”

“मग ब्रोडीचं आहे.”

लिंडनने कप खाली ठेवला. मग दुसराही ठेवला. “सोमवारी यादी लागते आहे,” तो म्हणाला.

लिअ‍ॅन बर्फाच्या पेटीवर बसली. बाहेरून किमचा आवाज येत होता, कुणालातरी दोरी ताणून धरायला सांगत होता. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं, पण आला तो राग. “तू काय केलंस?”

“मी काहीच केलं नाही.”

“म्हणजे?”

“मी खोलीत नव्हतो. चार वर्षं हाच शिरस्ता आहे, लिअ‍ॅन. त्याचं नाव निघालं की मी उठून बाहेर जातो. काकाने पुतण्याला पुढे ढकललं असं कुणी म्हणायला नको. त्याचे रिपोर्टसुद्धा मी उघडत नाही. या वेळीही नाव निघालं, मी कॉफी घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा ते पुढच्या नावावर गेले होते.”

“मग म्हणालं का कुणी की तू पुढे ढकललंस?”

“नाही.”

“छान. तुझं सोवळं शाबूत राहिलं. खोलीतल्या प्रत्येक पोराच्या बाजूने बोलायला कुणीतरी होतं, फक्त माझ्या पोराच्या काकाला तेवढी कॉफीची तल्लफ आली.”

लिंडनने मान खाली घातली. आपली बाजू मांडत तो बसला नाही. तेवढं एक त्याचं बरं होतं.

“आत्ता सांगतो त्याला,” तो म्हणाला. “बाहेर बोलावतो.”

लिअ‍ॅन पटकन उठली. “आत्ता नाही. किमला आत्ता कळलं तर तो फावडं टाकून तुझ्या अंगावर येईल, आणि डॅडचा दिवस मातीत जाईल. केक कापून होऊ दे. पाहुणे घरी गेले की संध्याकाळी सांग. तोवर मिठाची गुळणी धर.”

“चालेल,” लिंडन म्हणाला, आणि त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं तिला स्पष्ट दिसलं. एवढ्या सहज तो तयार झाला, याची तिला चीड आली. त्याहून जास्त स्वतःची आली. पाच मिनिटांपूर्वी ती मुलाची आई होती, आणि आता या माणसाच्या कटात सामील होऊन बसली होती.

“आणि तो बोर्ड,” ती एकदम म्हणाली.

“कुठला बोर्ड?”

“देवा रे.” तिने कपाळाला हात लावला. “किमने महिनाभर गॅरेजमध्ये बसून रंगवलाय. केकनंतर दाखवायचाय डॅडला.”

*

ब्रोडीला मंगळवारीच कळलं होतं.

क्लबकडून त्याच्या फोनवर रोज पहाटे दिवसाचा व्यायाम यायचा. आज इतक्या फेकी, इतकं पळणं, खांद्याला इतका बर्फ. चार वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. मंगळवारी आला नाही. ब्रोडीने पासवर्ड घातला, फोनने घेतला नाही. पुन्हा घातला. मग त्याने तिकडच्या आपल्या खोलीतल्या जोडीदाराला, डोमिनिकन रिपब्लिकच्या विल्किनला, फोन लावला. विल्किन म्हणाला, “गेल्या वर्षी एस्तेबानचंही असंच झालं होतं, भावा.” क्लबच्या कचेरीतला कुणीतरी उत्साही कारकून यादी लागायच्या सहा दिवस आधीच नावं पुसून मोकळा झाला होता.

गंमत अशी, की ब्रोडीला फारसा धक्का बसला नाही. तो दमला होता. चार उन्हाळे बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपण्यात गेले होते, आणि चारही उन्हाळ्यांत तो त्याच पायरीवर होता. काका येतोय म्हटल्यावर त्याला वाटलं, चला, माणूस समोर बसून सांगायला तरी येतोय. काकाचा तो नियम तिकडे सगळ्या पोरांना ठाऊक होता.

गुरुवारी विमानतळावर काकाने मिठी मारली आणि विचारलं, “खांदा कसा आहे?” शुक्रवारी दोघं दोरी आणि खुंट्या आणायला गाडीतून गेले. जाता-येता चाळीस मिनिटं. ब्रोडीने मुद्दाम विचारलं, “पुढच्या सीझनला मला कुठे पाठवतील, काका?” काका म्हणाला, “बघू.” मग तो नव्या पुलाबद्दल बोलायला लागला. ब्रोडीने खिडकीची काच खाली केली आणि घरापर्यंत तोंड उघडलं नाही.

आता ढकलगाडी रिकामी करताना त्याने पाहिलं, काका स्वयंपाकघरातून बाहेर आला, आणि मागून आई आली. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि नको तितकं गोड हसली. म्हणजे आईलाही सांगून झालं, त्याच्या मनात आलं. आता राहिलो फक्त मी.

“दमलास?” किमने विचारलं.

“नाही, डॅड.”

“दम. म्हणजे चार घास जास्त जातील.” किमने मुलाच्या ओल्या पाठीवर थाप मारली आणि आवाज बारीक केला. “जेवण झालं की लगेच पळू नकोस. एक गंमत दाखवायचीय.”

*

पॅस्टी खाऊन झाल्या. सॉसची बाटली तीनदा भरून झाली. हिरव्या बेडकाच्या आकाराचे ऐंशी छोटे केक बेरिलने एका परातीत रचले होते. “वर्षाला एक बेडूक,” ती म्हणाली, “आणि हा अजून डराव डराव करतोच आहे.” बेरिलच्या लग्नाला छप्पन्न वर्षं झाली होती आणि नवऱ्यावरचा विनोद तिला कधी कमी पडला नाही. क्लबचे चार-दोन लोक हात मिळवून घरी गेले. मैदानावर नवी माती पाणी मारून, दाबून, दाताळ्याने ओढून तयार होती. तिच्यावर एक पाऊलही उमटलेलं नव्हतं, आणि मर्व जेवतानाही तिच्याकडेच बघत होता.

किमने गाडीतून चादरीत गुंडाळलेला बोर्ड आणला. “डॅड,” तो म्हणाला, आणि पुढचं पाठ केलेलं भाषण विसरला. “घे. बघ.” त्याने चादर ओढली.

पांढऱ्या फळीवर निळी अक्षरं होती. नळवाल्याचा हात, पण एकेक अक्षर ओळंब्यात. वर लिहिलं होतं, ‘या मैदानाचे शॉर्टस्टॉप’. खाली तीन ओळी.

मर्व पास्को, १९५४ ते १९७९. लिंडन पास्को, १९८१ ते १९९७. ब्रोडी पास्को, २०१२ ते, आणि पुढे कोरी जागा.

मर्वने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“किम, तुझं नाव कुठे आहे रे?” बेरिलने विचारलं.

“मी कुठे शॉर्टस्टॉप होतो, मम. मी तिसऱ्या बेसवर. आणि तेही चोवीसाव्या वर्षापर्यंत. डॅडची पाठ गेली, मग मी त्याचे पाने-पकडी घेऊन नळदुरुस्तीला निघालो.” त्याने हे अगदी सहज सांगितलं. बत्तीस वर्षं सांगून सांगून ते गुळगुळीत झालं होतं. “मला आवडतं हे. तिघांच्या नावाखाली स्क्रू माझे आहेत.”

लिअ‍ॅन लिंडनकडे बघत नव्हती. लिंडन बोर्डाकडे बघत नव्हता.

ब्रोडी पुढे आला. त्याने तिसऱ्या ओळीवरून बोट फिरवलं आणि ते कोऱ्या जागेपाशी थांबवलं. “डॅड, निळा रंग उरलाय का?”

“गाडीत आहे थोडा. का रे?”

“इथे लिहायचं राहिलंय. दोन हजार सोळा.”

किम हसला. “बघा, कार्ट्याला आपल्याच बापाची...” आणि हसता हसता त्याने बायकोचा चेहरा पाहिला. मग भावाचा पाहिला. हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं, नुसतं विझून गेलं. “काय चाललंय?”

“मला मोकळं केलं, डॅड. सोमवारी यादी लागेल.”

“कोण म्हणतं?”

“माझा फोन म्हणतो. मंगळवारपासून.”

लिंडनने डोळे मिटले. “मंगळवार?” तो म्हणाला. “ब्रोडी, तसं व्हायला नको होतं. मी सांगायलाच आलो होतो.”

“माहीत आहे. मी तीन दिवस वाट बघतोय.”

किमने बोर्ड हळूच जमिनीवर टेकवला. इतक्या हळू, की लिअ‍ॅनला भीती वाटली. “तुला माहीत होतं?” त्याने तिला विचारलं.

“सकाळपासून. मीच म्हटलं, केक होऊ दे.”

“वा. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बाप तेवढा ब्रश घेऊन बसला होता.” तो भावाकडे वळला. “कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. तुझ्या भरवशावर पाठवलं पोराला. तुझ्या! तो तिकडे कुठल्या कुठल्या गावात खेळत होता आणि तू वरच्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होतास. एक शब्द टाकता आला नाही तुला?”

“मी त्या खोलीत नव्हतो, किम.”

“होय रे. तू कधी नसतोसच. चौऱ्याऐंशीला नव्हतास, डॅडची पाठ गेली तेव्हा नव्हतास, ममचं ऑपरेशन झालं तेव्हा नव्हतास. मैदान कोणी ओढायचं? किमने!”

“किम,” बेरिल म्हणाली.

“नाही मम, आज नाही.”

“डॅड, थांब,” ब्रोडी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून सगळे थांबले. “मला मोकळं केलं याचा मला राग नाहीये. मी कुठे आहे ते मला दिसत होतं. मला काकाला एकच विचारायचंय.” तो लिंडनसमोर उभा राहिला. “चार वर्षांत माझा एक तरी सामना पाहिलास?”

खोटं बोलायची ही वेळ नव्हती, एवढं लिंडनला कळलं. “नाही.”

“एक सराव?”

“मुद्दाम नाही पाहिला. मला वाटलं, तुझ्यावर ठपका यायला नको.”

“एकदा शिबिरात तू कुंपणापाशी आला होतास. मी पाहिलं. मला पाहिलंस आणि फोन कानाला लावून परत फिरलास. फोन वाजला नव्हता, काका.”

माश्या तेवढ्या उरलेल्या बेडकांवर घोंगावत होत्या. मर्वला पोराची फेक गेल्या उन्हाळ्यात, तो घरी होता तेव्हाच, खटकली होती. तो कुणाला बोलला नव्हता. ऐंशी वर्षांत त्याने एक शिकून घेतलं होतं, की खरं असलेलं प्रत्येक वाक्य आजोबानेच बोलायला हवं असं नाही. पण आता ते कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि कुणी, तेही त्याला ठाऊक होतं.

“मग आता बघ,” मर्व लिंडनला म्हणाला.

“डॅड, आत्ता कशाला...” लिंडन म्हणाला.

“आत्ताच. किम, सरावाची बॅट आण. मारायचं तू. माझा खांदा गेलाय. ब्रोडी, हातमोजा घाल. लिंडन, पहिल्या बेसवर जा.”

“नव्या मातीवर?” बेरिल म्हणाली.

“माती कशाला असते?”

*

लिंडनने कुणाचा तरी जुना मोजा हातात चढवला आणि तो पहिल्या बेसवर गेला. नव्या मातीत त्याचे गुळगुळीत तळव्याचे बूट रुतले. समोर तिरक्या रेषेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, ब्रोडी गुडघे वाकवून उभा होता. आपणही तिथेच उभे राहायचो. तिथून पहिला बेस किती लांब दिसतो, हे लिंडनला तीस वर्षांनीही पाठ होतं.

किमने पहिला चेंडू रागाने मारला. तो मारायला हवा होता त्याच्या दुप्पट जोराने गेला. ब्रोडीने तो सहज उचलला, आणि फेक सरळ लिंडनच्या छातीवर आली. मोज्यात टाळी वाजावी तसा आवाज झाला.

दुसरा. तिसरा. किमचा राग चेंडूमागे थोडा थोडा कमी होत गेला आणि हात चालू लागला. डावीकडे मारला, उजवीकडे मारला, हळू मारला. लिंडन बघत होता. अखेर तो बघत होता. पोराचे हात सुंदर होते. चेंडू हातात येत नव्हता, हातच चेंडूला घ्यायला जात होता. हे हात आपण चार वर्षं पाहिले नाहीत, या विचाराने त्याला गलबलून आलं, आणि त्याच वेळी त्याचं डोकं जुन्या सवयीने मनातल्या मनात मोजायला लागलं. बॅटच्या आवाजापासून मोज्यातल्या आवाजापर्यंत. त्या वेळात बॅट मारणारा पहिल्या बेसकडे किती पावलं पळाला असता; फेकीआधी पोचला तर तो वाचला. धंदा काही सुटत नाही.

समोरचे चेंडू वेळेत येत होते. डावीकडचे वेळेत येत होते. किमने एक चेंडू उजवीकडे खोल मारला, तिसऱ्या बेसच्या मागे. ब्रोडी पळाला, उलट्या हाताने उचलला, उजवा पाय रोवला, फेकला. लिंडनने मोजलं. किमने पुन्हा तिथेच मारला. लिंडनने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा ब्रोडीनेच ओरडून सांगितलं, “परत तिथेच, डॅड.” किमने मारला. पोराने होता नव्हता तेवढा जोर लावला. मोज्यात आवाज झाला, आणि लिंडनने मान वर केली नाही.

वीस चेंडू झाल्यावर ब्रोडी मोजा काढत पहिल्या बेसकडे चालत आला. “सांग,” तो म्हणाला.

“हात फार सुरेख आहेत. माझ्यापेक्षा चांगले. खोटं नाही सांगत.”

“काका.”

लिंडनने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. दोनशे-अडीचशे पोरांच्या डोळ्यांत पाहिलं होतं, पण हे डोळे त्याच्या स्वतःच्या आईचे होते. “उजवीकडे खोल गेलास की फेक उशिरा येते.”

“किती?”

“अर्धं पाऊल.”

“अर्धं पाऊल?” किम तिकडून ओरडला. “अर्ध्या पावलासाठी पोराला घरी पाठवता तुम्ही?”

“डॅड, ते अर्धंच असतं,” ब्रोडी म्हणाला. त्याने हाताच्या पंजाने तोंड पुसलं. “तू खोलीत असतास तर हेच सांगितलं असतंस त्यांना?” त्याने लिंडनला विचारलं.

“हो.”

“म्हणजे तुला बाहेर जायची गरजच नव्हती.”

ब्रोडीने काकाच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि तो आईकडे चालत गेला. लिअ‍ॅनने त्याला मिठीत घेतलं तेव्हा तो पहिल्यांदा रडला. बेरिल उरलेले बेडूक उगाच मोजत बसली.

किमने बॅट कुंपणाला टेकवली. बोर्ड उचलला, गाडीच्या मागच्या फळीवर आडवा ठेवला, रंगाचा डबा उघडला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन, शून्य, एक, सहा. बाकीच्या अक्षरांइतकाच ओळंबा. मग त्याने ब्रश पुसला आणि कुणाकडे न बघता सिगारेट पेटवली.

“शेवटी कोण खेळलं?” छत्रीखालून मर्वने विचारलं.

सवयीने किमची नजर दाताळ्याकडे गेली. बत्तीस वर्षं तिकडेच जात आली होती. त्याचा हात अर्धा उठलासुद्धा. मग त्याने तो खिशात घातला आणि पाठ फिरवली.

लिंडन कुंपणापाशी गेला आणि त्याने दाताळं उचललं.

पहिल्या बेसपासून त्याने सुरुवात केली. आधी स्वतःच्या बुटांचे ठसे ओढले. “आतल्या बाजूला ओढ,” मर्व म्हणाला, “बाहेर ओढलंस तर गवताच्या कडेला बांध होतो.” लिंडनने आतल्या बाजूला ओढलं. दुसऱ्या बेसपाशी त्याचा सदरा पाठीला चिकटला. हाताला फोड येणार हे त्याला कळलं. मदतीला कुणी आलं नाही, आणि येऊ नये असं त्यालाही वाटलं. गाड्यांची दारं लागल्याचे आवाज आले. लिअ‍ॅन आणि ब्रोडी गेले. किमची गाडी तशीच उभी होती. किम आत बसून समोर बघत होता.

शॉर्टस्टॉपच्या जागेवर लिंडन थांबला. तिथे सगळं लिहून ठेवल्यासारखं होतं. पोरगा कुठे उभा होता, डावीकडे किती गेला, परत कसा आला. तिसऱ्या बेसच्या मागे, खोल, उजव्या पायाचे तीन ठसे एकमेकांवर पडले होते. खिळ्यांच्या बुटाने माती वीतभर उकरली गेली होती. त्याने दाताळं टेकवलं आणि ओढलं. बाजूची माती सरकली, ठसा तसाच राहिला.

“गेला का?” मर्वने विचारलं.

“नाही, डॅड.”

“मग परत ओढ.”

लिंडनने दाताळं उलटं केलं, मोकळी माती त्या खड्ड्यात लोटली, आणि परत ओढलं.